बैलांच्या रांगेतला घोडा

पोंभुर्ण्याला आले तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि मला मराठीतला एकच शब्द येत होता. नाई. तो अब्बांनी विमानात शिकवला होता. कोणी ताटात वाढतच सुटलं आणि पोट भरलेलं असलं, तर हात आडवा धरून 'नाई' म्हणायचं, असं त्यांनी करून दाखवलं होतं. पुढे हा शब्द मी जेवण सोडून बाकी सगळीकडे वापरला.

अब्बा माझे जन्मदाते नव्हेत. माझे वडील मी पाळण्यात असतानाच गेले. आमचं गाव इंडोनेशियात, जावा बेटाच्या पूर्वेला. वडील गेल्यावर माझी आई मला आजोबांकडे ठेवून अरबस्तानात एका मोठ्या घरी स्वयंपाकाला गेली. आमच्याकडे आईला इबू म्हणतात, मी अजूनही तेच म्हणते. त्या घरातला पाण्याचा पंप सारखा जळायचा आणि तो दुरुस्त करायला पोंभुर्ण्याचा एक माणूस यायचा, मोटार रिवाइंड करणारा, म्हणजे तिच्या जळलेल्या तारा काढून नव्या गुंडाळणारा. पंप वर्षभर जळत राहिला आणि मग त्यांनी निकाह केला. आजोबा वारल्यावर दोघं मला न्यायला आली आणि आम्ही तिघं अब्बांच्या गावी येऊन राहिलो. नव्वदचं दशक सरत आलं होतं.

अब्बांचं दुकान बाजाररस्त्यावर होतं. धानाच्या दिवसांत दुकानापुढे बैलगाडीतून, सायकलीवरून शेतातल्या पंपांच्या मोटारी यायच्या. घरी अब्बांची थोरली बहीण होती, माझी फुफी. नवरा गेल्यापासून ती भावाच्या घरीच राहत होती आणि घर तिच्याच शब्दावर चालायचं. इबूचा स्वयंपाक ती चाखून बघायची, माझ्या फ्रॉकची लांबी बोटांनी मोजायची, आणि आमची दोघींची भाषा कानावर पडली की म्हणायची, "चिड़ियों के जैसा क्या बोलते तुम लोग?"

पहिल्याच आठवड्यात शेजारच्या काकूंनी मला कुंपणापलीकडून हाक मारली. त्यांची मुलगी माझ्याच वयाची होती, ती त्यांच्या पाठीमागून मला न्याहाळत होती.

"कुठची वं तू, पोट्टे?"

हा प्रश्न तोवर मला पाठ झाला होता, कारण जो तो तेच विचारायचा. मी छाती काढून सांगितलं, "जावा."

"जावा?" काकू हसायलाच लागल्या. "अवं, कोनाच्या जावा? मले तं दोनच जावा आहेत, अन् दोघीईसंगं माहं बोलनं नाई!"

मला काहीच कळलं नाही. पण ती मुलगी हसता हसता खाली बसली, आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेत मला 'काकूची तिसरी जाऊ' असं नाव पडलं. आधी मुलं मला 'चिनी' म्हणत होती. त्यापेक्षा हे बरं, असं वाटून मी ते चालू दिलं. ती मुलगी माझी मैत्रीण झाली, आणि मराठी मी तिच्याकडूनच उचललं, गुरुजींकडून नाही.

मला गावात सगळ्यात आधी चुकल्यासारखं झालं ते सणांच्या दिवसांत. आजोबांच्या गावात सण बघत बसायची पद्धतच नव्हती. ईदच्या आधी आम्ही पोरं ढोल बडवत, टेंभे घेऊन गावभर हिंडायचो. आणि आजोबा घोडा नाचायचे. विणलेल्या बांबूचा चपटा घोडा, एका बाजूने रंगवलेला. तो दोन पायांच्या मध्ये धरायचा, आणि ढोल सुरू झाले की घोडा आणि माणूस एकच होऊन उधळायचं. आजोबांची पाच वेळची नमाज कधी चुकली नाही आणि घोडाही कधी चुकला नाही. दोन्हींत काही भांडण आहे हे मला पोंभुर्ण्याला आल्यावर कळलं.

पहिला पंधरा ऑगस्ट आला. शाळेत लेझीम होतं. गुरुजी म्हणाले, "तुहा सराव झाला नाई. तू बाजूले उभी राहून पाह्य." मी बाजूला उभी राहून पाहिलं. घरी येऊन इबूला म्हटलं, आपला परवा आहे ना?

आमच्या देशाचा स्वातंत्र्यदिन सतरा ऑगस्टला असतो, तुमच्यापेक्षा दोन दिवसांनी. त्या दिवशी आमच्याकडे दोरीला पापड टांगतात आणि मुलांनी हात पाठीमागे बांधून ते नुसत्या तोंडाने खायचे असतात. इबूने फुफीच्या डब्यातले तांदळाचे पापड तळले, सुईदोऱ्यात ओवले आणि अंगणातल्या दोन खांबांना दोरी बांधली. मी मैत्रिणीला बोलावलं, मैत्रिणीने गल्ली बोलावली. चौदा पोरं हात मागे धरून, माना वर करून, वाऱ्याने हलणाऱ्या पापडांना चावे घेत होती आणि काकू कुंपणाला टेकून ओरडत होत्या, "अवं, नाकानं नोको ढकलू, दातानं धर, दातानं!"

फुफी बाजारातून आली तेव्हा अंगणभर पापडाचा चुरा होता.

"ये क्या तमाशा है?"

"सण," मी म्हटलं.

"किसका?"

"माझा."

फुफीने डबा उघडून पाहिला, रिकामा होता. ती डब्याकडे आणि अंगणाकडे बघत राहिली. त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की आधी विचारलं की नाही म्हणतात आणि करून टाकलं की नुसतं बघत राहतात. हे काही फार चांगलं शिक्षण नव्हे, पण माझ्या कामाला आलं.

मग पोळा जवळ आला. सुताराच्या दुकानापुढे चाकांचे लाकडी बैल रांगेने वाळत ठेवलेले दिसायला लागले. मैत्रिणीने मला समजावलं. मोठा पोळा खऱ्या बैलांचा, त्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा. पोरं आपापला लाकडी बैल सजवून चौकात आणतात, रांग लागते, झडत्या नावाची कवनं म्हणतात, बक्षिसं असतात.

"तुझा कुठला बैल?" मी विचारलं.

"माहा नाई. भावाचा आहे. मी मागून चालतो आरती घेऊन."

"काऊन?"

"पोरी नाई नेत बैल."

"काऊन नाई नेत?"

"नाई नेत म्हणून नाई नेत," ती वैतागली. "सगळ्याच गोष्टीले काऊन नसते."

त्या दिवशी जेवताना मी अब्बांना म्हटलं, मला बैल पाहिजे. अब्बा काही म्हणायच्या आत फुफी म्हणाली, "अपने में पोला नईं होता." अब्बांनी मान खाली घालून भात कालवला. बहिणीपुढे त्यांचं नेहमीच असं व्हायचं. माझं पोळ्याशी काही नातं नव्हतं, हे खरं. ना आमची शेती, ना बैल, ना आमचा तो देव. पण गावातली सगळी पोरं चौकात जाणार आणि मी खिडकीतून बघणार, हे मला मान्य नव्हतं. मी इबूला आमच्या भाषेत म्हटलं, बैल नाही तर नाही, आपण घोडा करू.

इबूने ताट बाजूला सारलं. आजोबा गेले तेव्हा ती त्यांच्याजवळ नव्हती. मग ती म्हणाली, "हिरवा बांबू लागेल."

वेशीजवळ सुपं-टोपल्या विणणारी एक मावशी राहायची. इबू आणि मी तिच्याकडे गेलो. इबूला मराठी येत नव्हतं आणि माझं तेव्हा तुटकंच होतं, म्हणून इबूने कोळशाने जमिनीवर घोडा काढला. मान, आयाळ, पाठ, शेपूट. मावशीने हातातलं सूप बाजूला ठेवलं आणि चित्राभोवती एक फेरी मारली.

"घोडा हाय काय? मंग याचे पाय कुठी आहेत?"

मी माझ्या पायांवर थापट्या मारल्या. "पाय माझे."

मावशी असं हसली की तिच्या तोंडातला तंबाखू उडाला. चार दिवस मी शाळेतून थेट तिच्याकडे जात होते. ती बांबूच्या कमच्या काढायची, इबू विणायची, मध्येच मावशी इबूचा हात धरून थांबवायची आणि स्वतःची वीण दाखवायची, मग इबू तिची. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. कडेला वेताची गोट घातली, अंबाडीची आयाळ लावली. रंग इबूने दिला. काळं अंग, लाल लगाम, पांढरा डोळा. रंगवलेला घोडा आम्ही घराच्या मागच्या बाजूला सुकायला ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर घोडा चकचकीत झालेला. मोटारीच्या तारांना लावायचं व्हार्निश अब्बांनी पहाटे दुकानातून आणून त्यावर दोन हात मारले होते. कोणाला काही सांगितलं नव्हतं. पण व्हार्निशचा वास काही लपत नाही. फुफीने नाकाला ओढणी लावली आणि भावाकडे असं पाहिलं की ते चहा न पिताच दुकानात गेले.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी दुपारी ऊन उतरल्यावर मी घोडा घेऊन चौकात गेले. एकटीच. इबूला मीच येऊ नको म्हटलं होतं. तिला कोणी काही बोललं असतं तर मला सहन झालं नसतं, आणि मला बोललेलं तिला. चौकात आंब्याच्या पानांचं तोरण होतं, कडेला डफ-सनईवाले बसले होते, आणि टेबलामागे किराणा दुकानवाले भाऊ वही घेऊन नंबर देत होते. पोळ्याचं सगळं तेच बघायचे. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना प्रत्येक गोष्ट तिच्या बरणीत लागायची.

माझी पाळी आली. भाऊंनी चष्मा वर केला.

"हे काय आनलं वं?"

"घोडा."

"हा पोळा कोनाचा असते?"

"बैलाचा."

"मंग?"

"मले बैल नाई देल्ला. म्हणून घोडा आनली."

मागची पोरं हसली. भाऊही हसले. "बाई, असं नाई चालत. बैल आन, मंग रांगेत उभी राह्य. अन् तुमच्यात तं पोळा होतच नाई. घरी सांगून आली काय?"

"नाई."

"मंग जाय घरी."

"नाई," मी म्हटलं.

भाऊंनी वही मिटली नाही, नुसता हात हलवून मला बाजूला सारलं आणि मागच्या मुलाचं नाव लिहायला घेतलं. मी बाजूला झाले. रांगेच्या समोर, जिथे कोणीच नव्हतं, त्या मोकळ्या जागेत जाऊन उभी राहिले. घोडा दोन पायांत धरला, लगाम घट्ट पकडला. पण ढोल नव्हता, आणि ढोलाशिवाय घोडा म्हणजे पायात अडकलेली टोपली. मी तशीच उभी. पोरं ओरडायला लागली. कोणीतरी शेणाचा गोळा मारला, तो घोड्याच्या मानेवर बसला.

डफवाल्यांमध्ये एक म्हातारे बाबा होते. ते बसल्या जागेवरून म्हणाले, "कसा नाचते वं तुहा घोडा? ठेका सांग."

मी हातातला लगाम सोडून टाळी वाजवून दाखवलं. आजोबांचा ठेका. दोन लांब, तीन तोकडे, एक रिकामा. बाबांनी मान तिरकी करून ऐकलं, डफावर बोट फिरवलं, आणि वाजवलं. पहिल्यांदा चुकले. दुसऱ्यांदा नाही.

मग मी नाचले. किती वेळ ते मला माहीत नाही. आजोबा करायचे तसा घोडा आधी चालवला, मग दुडका, मग उधळला, मान झटकली, मागचे पाय झाडले. धूळ उडाली. रांगेतली पोरं रांग मोडून पुढे आली. भाऊ टेबलामागून ओरडले, "बाबा, वाजवनं बंद करा! नंबर देऊन राह्यलो इथी!"

बाबा वाजवत वाजवतच म्हणाले, "पोळ्यात वाजवाले बलावलं ना भाऊ? वाजवूनच राह्यलो."

आणि मग जे झालं त्याची मला अजिबात अपेक्षा नव्हती. माझी मैत्रीण, जी आरतीचं ताट घेऊन भावाच्या मागे उभी होती, तिने ताट भावाच्या हातात दिलं, त्याच्या हातातली बैलाची दोरी घेतली, आणि बैल ओढत माझ्या शेजारी आली. तिचा चेहरा लाल झाला होता. तिचा भाऊ भोकाड पसरून रडायला लागला. ती माझ्याकडे बघत नव्हती, सरळ समोर बघत होती.

"काऊन आली?" मी धापा टाकत विचारलं.

"सगळ्याच गोष्टीले काऊन नसते," ती म्हणाली.

त्या दिवशी तिला घरी दोन चपराका बसल्या, एक भावाला रडवलं म्हणून आणि एक ताट वाकलं म्हणून. बैल नेला म्हणून एकही नाही. आम्ही हे पुष्कळ दिवस मोजत होतो.

मला मात्र कोणी मारलं नाही. फुफीने माझ्याशी बोलणं टाकलं. शुक्रवारी नमाजनंतर काही मोठ्या माणसांनी अब्बांना बाजूला घेतलं. ते काय म्हणाले हे अब्बांनी सांगितलं नाही, पण अब्बा काय म्हणाले ते मला दुकानातल्या एका गिऱ्हाइकाकडून कळलं. म्हणे अब्बा एवढंच म्हणाले, "बच्ची है. अपने नाना का नाच नाची. पूजा किसी की नईं की. अब मेरे को दुकान खोलना है." अब्बांना मी त्याआधी कोणालाही उलट बोलताना ऐकलं नव्हतं. मोठी माणसं त्यानंतर आली नाहीत, पण फुफीचं तोंड बंदच राहिलं. पोळा ऑगस्टअखेर झाला होता, ती ईद येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मला काही सांगायचं असलं तर मांजराला सांगायची. "बिल्ली, किसी को बोलना दूध ठंडा हो रहा है."

त्या वर्षी ईद थंडीत आली. इबूने ठरवलं की या वेळी शेवयांबरोबर आपलंही काहीतरी होईल. आमच्याकडे ताडाच्या कोवळ्या पानांच्या छोट्या पिशव्या विणतात, त्यात तांदूळ भरतात आणि उकडतात. भात आत फुगून घट्ट वडी होते. ताडाची पानं कुठून आणायची? शिंदीची आणली. टोपल्यावाल्या मावशीनेच नाल्याकाठून तोडून दिली. ईदच्या सकाळी चुलीवरच्या पातेल्यात चाळीस हिरव्या पिशव्या उकळत होत्या आणि गल्लीतल्या बायका येऊन झाकण उघडून बघून जात होत्या.

आमच्या ईदेची आणखी एक रीत आहे. धाकट्यांनी मोठ्यांपुढे गुडघे टेकायचे, त्यांच्या मांडीवर कपाळ ठेवायचं, आणि वर्षभरात जे चुकलं त्याची माफी मागायची. इबूने मला नवी सलवार घातली आणि म्हणाली, "फुफीकडे जा."

"मी घोड्याची माफी मागणार नाही."

"मग बाकीच्याची माग," इबू म्हणाली. "बाकीचं पण पुष्कळ आहे."

ते खरंच होतं. फुफी ओसरीवर बाजेवर बसली होती. मी पुढ्यात गुडघे टेकले आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. ती दचकलीच.

"उठ! ये क्या कर रही? झुकते सिर्फ अल्लाह के सामने!"

"झुकून नाई राह्यली. माफी मागून राह्यली," मी तिच्या ओढणीतच तोंड ठेवून म्हटलं. माझं आता मराठी पुरेसं झालं होतं. "पापड संपवले त्याची माफी. तुमच्या पायताणावर रंग सांडला, सांगितलं नाई, त्याची. तुम्ही झोपल्यावर तुमची नक्कल केली त्याची. तीन वेळा."

फुफीने बाजेखालचं पायताण पायाने पुढे ओढलं.

"और घोड़ा?" फुफीने विचारलं. पाच महिन्यांत तिने पहिल्यांदाच घोड्याचं नाव काढलं होतं.

"घोड्याची नाई."

"काऊन?" फुफीला मी पहिल्यांदाच मराठी बोलताना ऐकलं.

"त्यात माही चूक नाई."

माझ्या डोक्यावर तिचा हात नव्हता, आणि मी डोकं उचलायला तयार नव्हते. माझी मान दुखायला लागली. शेवटी ती म्हणाली, "नक्कल कैसी करती? दिखा."

मी उठून उभी राहिले, कमरेवर हात ठेवला आणि तिच्या आवाजात म्हटलं, "चिड़ियों के जैसा क्या बोलते तुम लोग?" दारात उभे असलेले अब्बा चटकन आत गेले. फुफी हसली नाही. पण तिने ताटातली भाताची एक हिरवी पिशवी उचलली, सोलली, आणि मला विचारलं की हे कशाबरोबर खातात. आमचा समेट झाला असं मी म्हणणार नाही. घोडा तिला शेवटपर्यंत पटला नाही. मलाही तिचं पुष्कळ काही पटलं नाही. पण आम्ही पुन्हा बोलायला लागलो, आणि बोलायला लागलो म्हणजे रोज भांडायला लागलो.

दुसऱ्या वर्षी पोळ्याच्या आठ दिवस आधी किराणावाले भाऊ स्वतः घरी आले. सोबत नारळ होता. त्यांना ओसरीवर बसवलं, चहा दिला. यंदा तान्ह्या पोळ्याला तालुक्याचे मोठे साहेब प्रमुख पाहुणे म्हणून येणार होते. भाऊ अब्बांना म्हणाले, "साहेबाईले सांगितलं आम्ही, आपल्या गावात विदेशी पोरगी आहे म्हणून. ते म्हणे, तिले स्टेजवर बसवा. सत्कार करू. घोडाबी ठेवू बाजूले. लोकं पाह्यतील."

फुफीचा चेहरा उजळला. सत्कार म्हणजे इज्जतीची गोष्ट होती. अब्बाही हसून माझ्याकडे बघायला लागले. आणि खरं सांगते, क्षणभर मलाही बरं वाटलं. स्टेज, हार, खुर्ची. ज्यांनी मला हाकललं तेच नारळ घेऊन आले होते.

"स्टेजवर नाचायचं?" मी विचारलं.

"नाई, नाई. नाचनं कायले? बसाचं. तू पाहुनी आहे ना."

"अन् रांग?"

"रांग बैलवाल्याईची. तुले कायची रांग? तू तं त्याच्यावरची."

हे ऐकलं आणि माझं बरं वाटणं गेलं. मागच्या वर्षी मी रांगेच्या खालची होते, यंदा वरची. रांगेतली मात्र नव्हतेच. मी म्हटलं, "भाऊ, मी पाहुनी नाई. मी वर्षाच्या वर झालं इथी राह्यतो. मले नंबर पाह्यजे."

"नंबर बैलाले असते, बाई."

"मंग मी येत नाई. साहेबाले सांगा, पोरगी नाई म्हणते."

फुफी मला डोळ्यांनी दटावत होती. अब्बा कपातल्या चहाकडे बघत होते. भाऊंनी नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. त्यांनी साहेबांना शब्द देऊन ठेवला होता, हे मला तेव्हा कळलं नाही, नाहीतर मी आणखीही काही मागून घेतलं असतं.

"बरं," ते शेवटी म्हणाले. "नंबर देतो. पन झडती म्हनाव लागते. ज्याचा नंबर, त्याले झडती. येते काय तुले?"

"येते," मी म्हटलं. येत नव्हती.

झडती म्हणजे पोळ्यात बैलांपुढे ठसक्यात म्हणायच्या चार ओळी. मैत्रिणीने आणि मी आठ दिवस काकूंच्या गोठ्यात बसून ती जुळवली. मैत्रिणीलाही यंदा स्वतःचा बैल मिळाला होता. दोन बैलांपेक्षा दोन चपराका स्वस्त, असं म्हणणाऱ्या तिच्या वडिलांना काकूंनी गप्प केलं होतं.

चौकात माझा नंबर एकेचाळीस होता. माझ्या एका बाजूला मैत्रीण होती, दुसऱ्या बाजूला एक अगदी छोटं पोर, ज्याला स्वतःचा बैल ओढवत नव्हता. स्टेजवर साहेब, साहेबांच्या शेजारी माझ्यासाठी आणलेली रिकामी खुर्ची. पाळी आली तशी मी घोडा पायांत घेतला, डफवाल्या बाबांकडे बघितलं आणि मोठ्याने म्हटलं,

"समुद्राच्या पल्याडचा माहा बांबूचा घोडा,
त्याले नाई नांगर, त्याले नाई जोडा,
रांग तुमची लांब, भाऊ, जागा मले सोडा,
नाई सोडली तं मंग आडवा उभा घोडा!"

लोक हसले, ओरडले, शिट्ट्या आल्या. बाबांचा डफ कडाडला. त्यांना ठेका सांगावा लागला नाही. मी नाचले, आणि नाचताना मला गर्दीच्या मागे इबू दिसली. तिच्या शेजारी फुफी होती, तोंड वाकडं करून, पण टाचा उंचावून.

बक्षीस मला मिळालं नाही. पहिलं सोडा, उत्तेजनार्थसुद्धा नाही. परीक्षक म्हणून बसलेल्या बाईंना मी जाऊन विचारलं, काऊन नाई? त्या म्हणाल्या की घोड्याचा रंग एका बाजूनेच आहे, दुसरी बाजू कोरी. मी म्हटलं, आमच्यात असाच असतो. त्या म्हणाल्या, असेल, पण सजावटीचे गुण असतात, अर्ध्या सजावटीला अर्धे गुण. मी खूप वाद घातला. माझ्या मागे आणखी पाच-सहा पोरं वाद घालायला उभी होती आणि ती मला ढकलत होती, सरक ना, आमालेबी इचाराचं आहे.

पहिलं बक्षीस गिरणीवाल्यांच्या मुलाला मिळालं. त्याच्या बैलाचे डोळे लाल पेटत होते, विझत होते, पुन्हा पेटत होते. आत बॅटरी होती, बारीक तार होती आणि छोटे दिवे होते. मी वाकून बघितलं. तारेचे वेढे इतके नीट, इतके एकसारखे घातले होते की गावात ते काम फक्त एकाच माणसाचं असू शकत होतं.

मी तशीच दुकानात गेले. घोडा काउंटरवर आपटला.

"तुम्ही त्याच्या बैलाले डोळे लावून देल्ले?"

अब्बा मोटारीत डोकं घालून बसले होते. त्यांनी वर बघितलं. "हां. आया था वो."

"अन् माह्या घोड्याले?"

"तूने मांगे किधर?"

"मी तुमची पोरगी आहे!"

"मंग तं सांगाचं होतं ना," अब्बा म्हणाले, आणि हातातला पाना खाली ठेवून, घोडा उलटा करून, त्याच्या कोऱ्या बाजूवर बोटाने तार कुठून नेता येईल ते बघायला लागले.

दुकान बंद करून आम्ही घरी पोचेपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. घरी पोचल्यावर मांजराला सांगितलं, की कोणाला तरी सांग, दोन्ही बाजूंनी दिवे पाहिजेत.